कापडाला लावलेलं तेल

"तेल कुणी लावलं?" इंजिनिअर बाईंनी विचारलं.

सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीटचे साचे बांधणाऱ्या मिस्त्रीनं समोरच्या खांबावरून बोट फिरवलं. कापडाचा साचा आत्ताच सोडला होता आणि आतला नमुन्याचा खांब कांजिण्या येऊन गेल्यासारखा उभा होता, सगळीकडे डाग आणि बारीक भोकं.

साच्याला तेल लावायचं नाही तर काय करायचं? काँक्रीट चिकटू नये म्हणून एकतीस वर्षं त्यानं प्लायला तेल लावलं, पत्र्याला लावलं. तेल विसरणाऱ्या गड्याला त्यानं सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. आणि आता हे कापड! म्हणे लाकूड वाचतं, घडी घालून नेता येतं, पुन्हा वापरता येतं, हवा तो आकार येतो. काँक्रीटला काय आता झबली शिवायची? तरी बिचाऱ्यानं मुकाट्यानं ते टांगलं, ताणलं, बांधलं. कारण खांब पास झाला तर पुढचे चाळीस त्याच्या टोळीचे. नाही तर बाहेरची माणसं येणार, आणि मिस्त्रीची रवानगी गोदामात.

"मिस्त्री, मी दोनदा सांगितलं होतं. जास्तीचं पाणी कापडातून झिरपायला हवं. तेलानं ते अडलं, आतच राहिलं."

"सांगितलंत हो बाई. डोक्यानं ऐकलं. हाताला कोण सांगणार?"

"एखाद्या हेल्परनं लावलं असेल," सुपरवायझर मध्येच म्हणाला. दोघं बरोबरीनं कामाला लागलेले, त्याला मित्राला वाचवायचं होतं. "त्यांना काय कळतंय!"

मिस्त्रीला मोह झाला. खोटं कशाला, चांगलाच झाला. मग स्वतःचाच असा संताप आला की कानशिलं तापली.

"कुणी हेल्पर-बिल्पर नाही. मीच लावलं. आतून, ब्रशनं, दोन हात."

बाईंनी खांबावरच्या एका भोकात नख घालून बघितलं. मग म्हणाल्या, "इथं प्लास्टर नाही, खांब असेच दिसणार आहेत. हा तोडावा लागेल. आणि पुढच्या कामाला बाहेरची टोळी येईल. माझ्या हातात नाही हो ते."

"बरं."

"तोडायला माणसं पाठवते."

"माणसं कशाला? मी उभा केलाय, मीच पाडतो."

एकतीस वर्षांत त्याचा एकही खांब तोडावा लागला नव्हता. त्यानं घण उचलला, आणि चरफडत पुन्हा खाली ठेवला. खिशातून खांब सरळ आहे का ते बघायचा ओळंबा काढला, शिडीवर चढून दोरी खांबाच्या वरच्या कडेला धरली. लोंबता गोळा हळूहळू स्थिर झाला.

"बाई, खाली बघता का जरा?"

बाई वाकल्या. दोरी आणि खांब यांच्यातलं अंतर त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं.

"सारखं आहे," त्या म्हणाल्या. "केसाचाही फरक नाही, मिस्त्री."

"कापडात उभा केलाय," तो म्हणाला.

मग तो खाली उतरला, दोरी नीट गुंडाळून ओळंबा खिशात ठेवला, आणि घण उचलला.