राखणदाराने अडवलेली वेबसाइट

"बा राखणदारा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या रामजीची वेबसाइट कुणी आडवली आसंल, कुणी बांधली आसंल, तर ती मोकळी कर रं म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

देवळाचा मंडप माणसांनी गच्च भरला होता. मधोमध टेबलावर देवळातला लॅपटॉप, त्यापुढे हात जोडून रामजीतात्या आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यात बाळाबुवा. बुवांचे डोळे मिटलेले, एक हात वर, दुसरा उपरण्याखाली. तात्यांची पीकविम्याची साइट सकाळपासून उघडत नव्हती. बाकी सगळं चालू होतं, शेजारीच पोरं मोबाईलवर क्रिकेट बघत होती. बुवांनी नारळ फोडला आणि म्हणाले, "आता दाब." तात्यांनी दाबलं. साइट उघडली! बायकांनी कानशिलांवर बोटं मोडली, तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांची बायको गंगुबाई बुवांच्या पायांवर आडवी झाली.

मी दारात चपला काढत हे सगळं बघत होते. मी सुनंदा, खेडला कॉम्प्युटरचे वर्ग घेते. भाऊ अनिलचा देवळातल्या वायफायवरून रडवेला फोन आला म्हणून मिळेल ती एसटी पकडून वाडीवर आले होते. त्याच्या मुलीला, राहीला, नर्सिंगची सीट मिळाली होती. ती आज संध्याकाळपर्यंत वेबसाइटवर जाऊन पक्की करायची, नाहीतर दुसऱ्या कुणाला जाणार. आणि नेमकी तीच वेबसाइट उघडत नव्हती.

बुवांनी कारण सांगितलंच होतं. गावाचा राखणदार रुसलाय. त्याला ठाण बांधायला अनिलची पऱ्याकडची, ओढ्याकाठची हापूसची कलमं जागेसकट हवीत. अनिलने आज देवापुढे बेल उचलून तसा शब्द द्यायचा. बेल उचलून दिलेला शब्द आमच्या वाडीत आजवर कुणी मोडलेला नाही. आणि ती कलमं गेली तर अनिलकडे उरतं काय? नुसता कातळ.

"राही, दुसऱ्या ब्राउझरमधून बघितलंस?"

"बघितलं आत्या. हिस्ट्री पुसली, लॅपटॉप बंद करून चालू केला. बाबांच्या फोनवर पण तेच. म्हणतो, साइटपर्यंत पोचता येत नाही."

"साइटच बंद असेल."

"नाही. चिपळूणला मैत्रिणीकडे उघडतेय."

"म्हणजे तुझा लॅपटॉप धड आणि साइटही धड. मधे उरलं काय? देवळातलं वायफाय. मोबाईलच्या नेटवर बघितलंस?"

राहीने अनिलकडे बघितलं. उत्तर अनिलने दिलं, तेही आवाज खाली आणून. "रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर, सड्यावर येते गो. आणि सड्यावर मोबाईल न्यायचा नाय, आसा बुवानं हुकूम केलान हाय. राखणदाराची वाट हाय ती. ज्यानं नेलान त्याच्या घरावर कोप."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ही वाट मला चांगली ठाऊक होती. आईला कावीळ झाली तेव्हा गावात गाडीरस्ता नव्हता. डोली करून सड्यावरून पलीकडच्या रस्त्याला न्यायचं, तिथून खेडचा दवाखाना. हाच बाळा तेव्हा अंगात आणून घुमला होता, "आवस होईपर्यंत राखणदाराची वाट ओलांडू नका!" अवस झाली आणि आईही गेली. पुढे बाळा मुंबईला गेला, एका केबलवाल्याकडे इंटरनेट जोडून देण्याची कामं करत राहिला, आणि परत आला तो दाढी वाढवून. आल्या आल्या देवळात फुकट वायफाय लावून दिलं. सेवा म्हणे! गाव त्याची केबल विसरलं आणि दाढी तेवढी लक्षात ठेवली.

"चल गो राही," मी म्हटलं. "सड्यावर."

अनिल आडवा आला, पण मी त्याच्याकडे बघितलं तशी बाजूला झाला. आम्ही घाटी चढलो. वर तापलेला जांभा, वारा, आणि फोनवर भरभरून रेंज. राखणदार काही दिसला नाही. माझ्या फोनवरून राहीच्या लॅपटॉपला नेट दिलं, आणि साइट पहिल्या फटक्यात उघडली. राहीने सीट पक्की केली आणि माझ्या गळ्यात पडून हुंदके देऊन रडली.

संपलं असं मला वाटलं. कसलं संपतंय!

आम्ही खाली आलो तर अनिलने सगळं ऐकून हात जोडले. "बगलास? मी मनातल्या मनात शब्द दिला नि राखणदारानं दार उघडलान! आता बेल उचलायलाच होवा."

मी कपाळाला हात लावला. समजावून काही होणार नव्हतं. बरंच झालं. मलाही आता समजवायचं नव्हतं, त्या माणसाची खोड मोडायची होती. माझ्या आईची वाट अडवली होती त्याने. सूड म्हणा, मला लाज नाही.

राउटर गाभाऱ्याशेजारी फळीवर होता. त्यालाही झेंडूचा हार! मी हार सारखा करण्याच्या निमित्ताने त्याला उलटा केला. खाली चिकटवलेल्या कागदावर पासवर्ड छापलेला, आणि या सिद्धपुरुषाने तो बदललाही नव्हता. खांबाआड बसून मी माझ्या फोनवर राउटरची सेटिंग उघडली. राहीची साइट तिथे अडवून ठेवली होती. मी तिला हात लावला नाही. तिच्या खाली आणखी एक नाव टाकलं, बुवांच्या स्वतःच्या वेबसाइटचं. मग पासवर्ड बदलला आणि शांतपणे पुढे जाऊन बसले.

अनिल बेल उचलायला वाकला.

"थांब रे," मी म्हटलं. "बुवा, एवढं मोठं दान घेताय. आधी तुमच्या वेबसाइटवर राखणदाराचं दर्शन तरी घडवा. मुंबईची माणसं रोज घेतात म्हणे."

बुवा खूश. त्यांनी लॅपटॉप ओढला, नाव टाकलं. साइटपर्यंत पोचता येत नाही. पुन्हा टाकलं. तेच.

"अगो बाई, तुमच्यावर पण रुसला?" मी म्हटलं. "गाऱ्हाणं घाला ना."

"बा राखणदारा म्हाराजा..."

"होय म्हाराजा," लोक म्हणाले, पण आवाजात मघासारखा जोर नव्हता.

बुवांचा हात उपरण्याखाली गेला आणि तिथेच चुळबुळत राहिला. कपाळावर घाम फुटला.

"उपरण्याखाली काय शोधताय बुवा? पासवर्ड मी बदललाय."

मी पुढे होऊन उपरणं खेचलं. बुवांच्या मुठीत फोन, आणि फोनवर राउटरचं पान.

मी गंगुबाईंना पुढे बोलावलं आणि माझा फोन त्यांच्या हातात दिला. "काकी, हे नाव दिसतंय ना, त्याच्यापुढचं बटण दाबा."

त्यांनी एका बोटाने दाबलं. बुवांची साइट उघडली.

"परत दाबा." बंद झाली.

"आता राहीचं." राहीची साइट देवळातल्या वायफायवर उघडली.

गंगुबाई फोनकडे बघत राहिल्या. मग बुवांकडे वळल्या. "मेल्या, माज्या आंगात कोण आलाय रं आता? माजा येवढासा बोट!" आणि तात्यांच्या फोडलेल्या नारळाचं अर्धं भकल बुवांच्या छातीवर नेम धरून हाणलं.

माणसं उठली. मारायची वेळ आली तेव्हा मीच आडवी आले, दया आली म्हणून नव्हे. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"बुवा, गाऱ्हाणं घाला. खरं खरं."

पळायला वाट नव्हती. बाळा उंबऱ्यात उभा राहिला, खाली मान घालून पुटपुटला, "साइट मीच बंद करत होतो."

"होय म्हाराजा!" सगळा मंडप गरजला.

"मीच उघडत होतो."

"होय म्हाराजा!"

"सड्यावर का जाऊ देत नव्हतास, ते सांग."

"वर गेलात... तर कळला आसता."

या वेळी कुणी काही बोललं नाही. अनिलच्या हातातला बेल गळून पडला. तो माझ्याकडे वळला, आणि त्याचा चेहरा बघून मला समजलं की त्यालाही आईची डोली आठवली. कावीळ कशाने बरी होते, हेसुद्धा सड्यापलीकडे गेल्यावर कळलं असतं.

बाबांनो, साइट उघडत नसेल तर देव रुसलेला नसतो. दुसऱ्या ब्राउझरमधून बघा, दुसऱ्या फोनवर बघा, दुसऱ्या नेटवर बघा. अडलंय कुठे ते आपोआप कळतं. आजारपणाचंही तसंच, एकाने सांगितलं की दुसऱ्याला विचारा. आणि कुणी म्हणालं, बाकी कुठेही बघ पण तिकडे बघू नकोस, तर आधी तिकडेच जा. आम्ही गेलो नाही. आमची आई घरापुढच्या खळ्यात बांधून ठेवलेल्या डोलीशेजारी मेली, आणि सड्याची चढण अर्ध्या तासाची सुद्धा नाही.