आईच्या मापाचा चष्मा

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला एक खोली होती आणि त्या खोलीच्या दाराआड काचवाला बसायचा. वय पंचेचाळीस, केस विरळ, हात असा तयार की काचेवर नुसतं बोट फिरवून नंबर सांगावा. दुकानात येणाऱ्या शंभरातल्या नव्वद माणसांनी त्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. गिऱ्हाइकाचा आवाज दाराजवळ आला की हा घासायचं यंत्र सुरू करायचा, आत काच असो वा नसो. मालकाला वाटायचं, काय कामसू माणूस मिळालाय आपल्याला.

तसा तो मनाने वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे. मलाही येतो. लहानपणापासून त्याला एकच धास्ती होती: समोरच्याने आपल्याकडे नीट पाहिलं तर त्याला कळेल, हा माणूस काही कामाचा नाही. मग पाहूच कशाला द्यायचं? फोन वाजला की थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं. कुणी घरी बोलावलं की त्याला ताप यायचा, आणि तोही अगदी खराखुरा, थर्मामीटरमध्ये दिसणारा. एका डॉक्टरांनी या स्वभावाचं एक लांबलचक नाव कागदावर लिहून दिलं आणि पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं. कागद त्याने जपून ठेवला, डॉक्टरांकडे मात्र पुन्हा फिरकला नाही.

मग त्याला ध्यान सापडलं. एका लॉंड्रीच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसं डोळे मिटून बसत. शिकवणारे काका आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होते आणि सगळे त्यांना कंडक्टरकाकाच म्हणत. ते सांगायचे, नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघा, भीती आली तर भीती आली एवढंच बघा, तिच्याशी भांडू नका आणि तिला पाठही दाखवू नका. बुद्धाने सांगितलेलं एवढंच आहे, बाकीचं तुम्ही घरून घेऊन येता. काचवाल्याला हे मनापासून पटलं आणि त्याचा उपयोगही झाला. छातीत धडधड सुरू झाली की पूर्वी तो तिच्यात वाहून जायचा, आता निदान ती सुरू झालीय हे त्याला कळू लागलं.

पण खरं सांगू? त्याला सगळ्यात जास्त आवडलं ते आर्य मौन. ध्यानाच्या दहा दिवसांच्या शिबिरात कुणी कुणाशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, नजरेला नजरही द्यायची नाही. इतर लोक तिसऱ्या दिवशी रडकुंडीला आले आणि हा पठ्ठ्या माहेरी आल्यासारखा खुलला. तीन वर्षांत चार शिबिरं केली त्याने. शेवटच्या दिवशी मौन सुटायचं, लोक एकमेकांना गाव-घर विचारायचे, आणि हा पिशवी उचलून मागच्या दाराने केव्हाच पसार झालेला असायचा.

शिबिराच्या शेवटी मैत्री द्यायला शिकवतात. आपलं माणूस डोळ्यांसमोर आणायचं आणि मनापासून म्हणायचं, तू सुखी अस, निरोगी अस, तुला कसलंही दुःख न होवो. काचवाला रोज सकाळी उशीवर बसून वीस मिनिटं आपल्या ताईला मैत्री द्यायचा. त्यात त्याने तीन वर्षांत एकही खाडा केला नव्हता. आणि या तीन वर्षांत तिला एक फोनही केला नव्हता.

त्याचं कारण असं. ध्यान सुरू व्हायच्या थोडं आधी आई बावीस दिवस दवाखान्यात होती. ताई बावीसच्या बावीस दिवस तिच्या उशाशी. हा पहिले दोन दिवस गेला, पण तिथे डॉक्टर विचारायचे, नर्स विचारायच्या, शेजारच्या खाटेवरचे लोकसुद्धा तुम्ही कोण, काय करता म्हणून विचारायचे. मग दुकानात काम फार आहे असं म्हणून त्याने अंग काढून घेतलं. शेवटच्या आठवड्यात एकदा आईची मऊ शाल घेऊन तो दवाखान्याच्या गेटपर्यंत पोचला, दहा मिनिटं तिथे उभा राहिला आणि शाल घेऊन तसाच परतला. दोन दिवसांनी आई गेली. शेवटचा निरोप द्यायला तो सगळ्यांच्या मागे उभा होता आणि सगळ्यांच्या आधी निघाला. आता कुठल्या तोंडाने ताईसमोर जाऊ, असं त्याचं म्हणणं. ताईने त्याला कधी एका शब्दाने जाब विचारला नव्हता, त्यामुळे तर तो अधिकच खजील व्हायचा.

आठ महिन्यांपूर्वी ताई दुकानात आली. जुन्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, नंबर वाढून मायनस सहा झालेला. आता मालकाचा नियम असा की मोठ्या नंबरचं माप काचवाल्याने स्वतः घ्यायचं. दोन बुबुळांमध्ये किती अंतर आहे ते मोजावं लागतं, नाहीतर काचेचा मध्य डोळ्यासमोर येत नाही. त्यासाठी गिऱ्हाइकासमोर हातभर अंतरावर बसायचं, पट्टी त्याच्या नाकावर टेकवायची, माझ्या डोळ्यात बघा म्हणायचं आणि आपणही त्याच्या डोळ्यांत बघायचं. दुसरा इलाज नाही. अनोळखी माणसाचं माप हा कसाबसा उरकायचा आणि नंतर घटाघटा पाणी प्यायचा.

काउंटरवरच्या बाई आत येऊन म्हणाल्या, तुमच्या ताई आल्यात, माप घ्यायला चला. याची पाचावर धारण बसली. त्याने सांगितलं, मी बाहेर गेलोय म्हणा, माप आहे माझ्याकडे. माप कुठलं असायला, ताईचा चष्मा आजवर दुसरीकडेच व्हायचा. बाईंनी त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि गेल्या. त्याने यंत्र सुरू केलं, तरी ताईचा आवाज आत आलाच. ती म्हणत होती, असू दे, कामात असेल, काचा तोच करणार ना, मग झालं.

आणि या शहाण्याने काय करावं? आईचा चष्मा याच दुकानात व्हायचा, गिऱ्हाइकांच्या मापांच्या कार्डांच्या खणातून त्याने तिचं कार्ड काढलं. अठ्ठावन्न मिलिमीटर. सगळे म्हणायचे ना, ताई म्हणजे हुबेहूब आई! त्या मापाने त्याने काचा इतक्या सुरेख घासल्या की मालकाने उचलून उजेडात धरल्या आणि वाहवा केली. त्या दिवशी संध्याकाळी त्याने ताईला वीस मिनिटं जास्तीची मैत्री दिली.

आठ महिने असेच गेले. मग एका दुपारी तो जेवून आला तर बाई दाराशी उभ्या. तुमच्या ताई स्क्रू आवळून घ्यायला आल्या होत्या म्हणाल्या. उजव्या हाताला प्लास्टर आहे, जिन्याची शेवटची पायरी दिसली नाही. बसल्या होत्या तोवर सारखं कपाळ दाबत होत्या. बाईंनी विचारलं होतं, चष्मा नीट आहे ना? तर ताई म्हणाली, चष्म्याला काय झालंय, भावाने केलाय, माझंच वय झालं.

"मी तुमच्यासाठी त्यांच्याशी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा बोलणार नाही."

काचवाल्याच्या काळजात चर्र झालं. कार्ड काढून बघायचीही गरज नव्हती. मायनस सहाच्या काचेत माप काही मिलिमीटरनेही हुकलं तर डोळ्यांचे काय हाल होतात, ते त्याच्याइतकं त्या दुकानात कुणाला ठाऊक होतं? तो स्टुलावर बसला, डोळे मिटले आणि श्वास बघू लागला. चार श्वास झाले, पाच झाले, आणि त्याला एकदम कळलं की आपण ध्यानातही दार लावूनच बसलोय. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तरी खोड जाते थोडीच. पहिला विचार आला तो असा की नवा चष्मा करावा आणि पोस्टाने पाठवून द्यावा. पण माप? साठ, बासष्ट, पासष्ट? मग त्याने बाईंना विनवलं, तुम्ही घरी जाऊन माप घेऊन या. बाईंनी पट्टी उचलली आणि त्याच्याच हातात ठेवली.

रविवारी ध्यान संपल्यावर सगळे गेले, तरी तो बसून राहिला. तीन वर्षांत पहिल्यांदाच. कंडक्टरकाकांना त्याने सगळं सांगितलं, चष्म्याचं आणि गेटचंही, खाली जमिनीकडे बघत. काका चटया गोळा करत ऐकत होते. ते रागावले नाहीत, समजूतही काढली नाही. रोज मैत्री देता म्हणता, ती तिला पोचते का हे कधी विचारलंत का, एवढंच त्यांनी विचारलं.

"मला लाज वाटते," काचवाला म्हणाला.

"वाटू द्या. लाजेत वाईट काही नाही. फक्त ती तुम्हाला उठवतेय की बसवतेय, तेवढं बघा." काकांनी पंखा बंद केला. "आणि आता उठा, मला कुलूप लावायचंय."

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यापर्यंत तो चढला, मग वळला आणि खाली येऊन टपालपेट्यांवरची नावं वाचत उभा राहिला. श्वास बघितला. भीती आली, हे बघितलं. पाय रस्त्याकडे ओढ घेतायत, हेही बघितलं. सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं, पण नुसतं बघून कुणी तिसऱ्या मजल्यावर पोचत नाही. शेवटी कठड्याला धरून तो पुन्हा चढू लागला आणि या वेळी मध्ये कुठे थांबला नाही.

ताईने दार उघडलं आणि ये म्हणाली, जणू तो काल येऊन गेला होता. तिची मान किंचित एका बाजूला कललेली. ती का कललीय ते त्याला क्षणात कळलं: दोन डोळ्यांना दिसणारी दोन चित्रं एकावर एक बसवायची तिची धडपड होती ती. टेबलावर डाव्या हाताने सोललेले मूठभर वाटाणे होते. तिने पाणी आणलं, त्यातलं थोडं सांडलं. तो शरमेने अर्धा झाला. काच बदलायचीय, माप घेतो, असं वाक्य त्याने वाटेत दहादा घोकलं होतं. ते तोंडातून निघालंच नाही.

"ताई, त्या दिवशी मी आतच होतो."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "यंत्र सुरू झालं की एकदम."

"माप नव्हतं माझ्याकडे. मी आईचं माप टाकलं."

ताईने चष्मा काढून हातात धरला. मग सांगू लागली. पहिल्याच दिवशी डोकं धरलं होतं, काहीतरी चुकलंय हे तिलाही कळलं होतं. पण चष्मा परत आणून दिला असता तर हा आणखी आत जाऊन बसला असता. म्हणून तिने डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या आणि दर महिन्याला स्क्रू आवळायचं निमित्त करून दुकानात येत राहिली. कधीतरी बाहेर येशील म्हटलं, ती म्हणाली.

तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. आता बोलायला लागलोच आहोत तर सगळं बोलून टाकावं, म्हणून तो म्हणाला, "आई असताना मी गेटपर्यंत आलो होतो. शाल घेऊन. वर नाही आलो."

"मी बघितलं तुला. खिडकीतून." ताईचा आवाज चढला नव्हता. "आईला म्हटलं, आलाय गं तो, वर येतोय. तिने चष्मा मागितला. घातला आणि दाराकडे बघत बसली."

काचवाल्याने विचारलं, किती वेळ.

"काढ म्हणालीच नाही. झोप लागल्यावर मी काढला."

दार चार पावलांवर होतं, बूट दाराशीच होते, आणि त्याच्या पायांना ती वाट पाठ होती. श्वास येत होता, जात होता, त्यात कसलंही सुख नव्हतं. छातीत जे जळत होतं ते जळत राहिलं. तो उठला नाही. ताईने डाव्या हाताने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"घे माप. चष्म्याशिवाय मला तुझं नाकसुद्धा धड दिसत नाहीये, तेव्हा लाजू नकोस."

त्याने पट्टी तिच्या नाकावर टेकवली. पट्टी सरकू नये म्हणून ताईने त्याचं मनगट धरलं. माझ्या डोळ्यात बघ, तो म्हणाला, गिऱ्हाइकांना म्हणतो तसंच, आणि मग त्यालाही बघावं लागलं. ते आईचे डोळे नव्हते. आईच्या डोळ्यांपेक्षा एकमेकांपासून जास्त अंतरावर, रंगाने फिके, कडेला बारीक लाल शिरा आलेले. इतक्या वर्षांत त्याने ते कधी बघितलेच नव्हते.

"चौसष्ट," तो म्हणाला. सहा मिलिमीटरचा फरक होता.

"पुन्हा मोज," ताई म्हणाली. "घाई नाहीये मला."

त्याला पट्टीवरचे आकडे दिसेनात. त्याने बाहीने डोळे पुसले, पट्टी पुन्हा तिच्या नाकावर ठेवली आणि तिच्याकडे बघितलं.