अकापेल्वाच्या सहा नोटा

या, असे पुढे सरकून बसा. मागे राहिलात तर निम्मीच गोष्ट कानावर पडेल, आणि निम्म्या ऐकलेल्या गोष्टीवरून माणसं दुसऱ्याला चोर ठरवून मोकळी होतात. लुसाका शहरातल्या लुबिंदा अकापेल्वाला असंच ठरवलं होतं, तेही तो मातीआड गेल्यावर. मग त्याची बायको नासिलेले पदर खोचून भांडायला उठली. ते भांडण सांगायचं आहे. गोड नाही ते, आधीच सांगून ठेवलेलं बरं. पण ऐका.

लुबिंदा बँकेत खिडकीवर बसायचा. माणूस असा, की रांगेतली म्हातारी बाई सही विसरली तर तिचा हात धरून ती आठवून द्यायचा. देशानं नोटांवरची तीन शून्यं छाटली आणि नव्या नोटा काढल्या, त्या वर्षी त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. नोटा सहा: दोन क्वाचांपासून शंभरपर्यंत, क्वाचा म्हणजे तिथला रुपया. पुढच्या बाजूला सगळ्यांवर मासेमार गरुड, मागे कुठे साळिंदर, कुठे बिबट्या, कुठे म्हैस, आणि स्वातंत्र्याची खूण म्हणून साखळी तोडणारा माणूस. या सहाही नोटा त्याला अशा हव्या होत्या, की प्रत्येकीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे एक, नऊ, सहा, चार असावेत. देश स्वतंत्र झाला ते साल.

अकरा वर्षं गेली त्यात. कंडक्टरला थांबव, टोमॅटोवालीला थांबव, चर्चमध्ये दानाची टोपली पुढे सरकली की मान वाकडी करून आकडे वाच. नासिलेले म्हणायची, "दुसऱ्यांचे नवरे दुसऱ्यांच्या बायका बघतात. माझा नवरा दुसऱ्यांच्या नोटा बघतो. देवा, कुठली तक्रार करू तुझ्याकडे?" शेवटची राहिली होती दोन क्वाचांची. ती बाजारात सुक्या कापेंटा मासळीच्या ढिगामागे बसलेल्या बाईकडे मिळाली. तेलकट, मऊ पडलेली, मासळीचा वास मारणारी. त्या दिवशी लुबिंदा घरी नाचत आला.

चिलेंजे वस्तीतल्या एका शाळेच्या वर्गात दर शनिवारी नोटा जमवणाऱ्यांचं मंडळ भरायचं. लुबिंदानं आणि आणखी दहा जणांनी ते सुरू केलं होतं, आणि त्या अकरा जणांची नावं रंगवलेली एक फळी भिंतीवर होती. अध्यक्ष होते बा हाचीपुका, 'बा' म्हणजे आपलं मानाचं 'राव'. जमातीनं तोंगा. लुबिंदा आणि नासिलेले लोझी. लोझी नदीकाठचे, मासळीवर जगणारे; तोंगा गुरं राखणारे. आता तोंगा आणि लोझी म्हणजे थट्टेचे भाऊबंद. एकमेकांना वाटेल ते बोलायचं, मयतीत सुद्धा बोलायचं, आणि समोरच्यानं रागवायचं नाही, अशी जुनी रीत. लुबिंदाच्या मयतीला हाचीपुका शवपेटीपाशी उभे राहून मोठ्यानं म्हणाले होते, "याच्या खिशात नोटा ठेवू नका रे! हा लोझी स्वर्गाच्या दारातही खोटी नोट खपवेल!" सगळे हसले. नासिलेलेही तोंडावर चिटेंगे, म्हणजे अंगावर गुंडाळायचं कापड, धरून हसली, कारण रीतच तशी.

पण दीड महिन्यानं तेच वाक्य कागदावर आलं. मंडळाचा शिक्का होता, मजकूर असा: गेल्या वर्षी अकापेल्वा यांनी सहा नोटांचा संच वार्षिक प्रदर्शनात मांडणार असं जाहीर केलं, आणि दोन दिवस आधी काही कारण न देता माघार घेतली. संच खरा आहे की नाही याची मंडळाला शंका आहे. तपासणीसाठी आणावा, नाहीतर संस्थापकांच्या फळीवरून नाव पुसलं जाईल.

रीत तोंडापुरती असते. शिक्का मारला की ती थट्टा राहत नाही. नासिलेलेनं पत्र घडी करून ठेवलं आणि शनिवारी चर्चच्या महिला मंडळाचा गणवेश घातला. तो गुरुवारी घालायचा असतो. काळा स्कर्ट, आणि निळीतून काढल्यासारखा पांढराशुभ्र ब्लाऊज. शेजारीण म्हणाली, "आज कुठली प्रार्थना?" ही म्हणाली, "ज्यात गुडघे टेकायचे नसतात ती."

वर्गात बारा पुरुष बसले होते. लहान मुलांच्या बाकांवर, गुडघे छातीशी घेऊन. खजिनदार कपासानं उठून तिला खुर्ची दिली. "बसा, बामाके मुबियाना." बामाके म्हणजे आई, मुबियाना तिचा थोरला मुलगा. ती बसली नाही.

"आणलात?" हाचीपुका म्हणाले.

"आणलाय. आणि ती फळीही मी मोजून घेतलीय येताना. अकरा नावं आहेत. जाताना अकराच असायला हवीत."

"मासे खाणारे लोक काट्यानंच बोलतात," हाचीपुका बाकीच्यांकडे बघून हसले.

"आणि गुरं राखणाऱ्यांना शेण आणि सोनं सारखंच दिसतं. हा घ्या."

तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. हाचीपुकांनी चिमट्यानं पहिली नोट काढली, शंभराची, आणि डोळे मिटून तिच्यावर अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. मग नोट कपासाच्या हातात दिली.

"काय लागतंय बोटाला?"

कपासानं अंगठा फिरवला. "काही नाही. गुळगुळीत आहे."

"गुळगुळीत! खऱ्या नोटेवर शाई उभी राहते. आंधळा माणूस बोटानं वाचतो ती. ही तर टेबलासारखी सपाट."

"पण गरुडाचं जलचिन्ह आहे," कपासा नोट उजेडाला धरून म्हणाला. "धागाही आहे. बारीक अक्षरंसुद्धा..."

"चांगला नकल्या ते सगळं करतो. पडदे ओढा."

पडदे ओढले. वर्गात धुरकट अंधार झाला. हाचीपुकांनी नोटा तपासायचा जांभळा दिवा लावला आणि आधी स्वतःच्या खिशातली एक नोट खाली धरली. कागद काळाच राहिला. त्यात पेरलेले बारीक तंतू तेवढे उजळले, पावसाळी रात्री काजवे दिसावेत तसे. "ही खरी," ते म्हणाले. "नोटेचा कागद दिव्याखाली मरतो. घरच्या छपाईचा कागद पेटतो. आता बघा."

त्यांनी सहाही नोटा ओळीनं मांडल्या आणि दिवा वर धरला.

पेटल्या. साहीच्या साही. निळसर पांढऱ्या, डोळ्यांना टोचतील इतक्या. बाकांवरून कुणीतरी शिट्टी वाजवली.

"मयतीत मी थट्टा केली होती," हाचीपुका अगदी हळू म्हणाले. "देवानं माझ्याकडून खरं वदवून घेतलं म्हणायचं. कपासा, लिही. संच खोटा. आणि रंगाचा डबा आण."

"हात लावू नका त्यांना!" नासिलेलेनं नोटा ओढून घ्यायला हात पुढे केला. हात दिव्याखाली आला आणि ती तशीच थिजली.

तिची बाही पेटली होती. तोच रंग. तीच निळसर पांढरी आग, मनगटापासून कोपरापर्यंत. त्या बाहीखाली सहा नोटा, आणि रंगात तसूभर फरक नाही.

मग तिला सगळं कळलं, आणि कळलं ते सुखाचं नव्हतं.

गेल्या वर्षी, प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात, लुबिंदा दवाखान्यात होता. चार दिवस. ती घरी एकटी. त्या नोटा कपाटात होत्या आणि कपाट उघडलं की मासळीचा वास यायचा. हिला वाटलं, माझा माणूस अकरा वर्षं यासाठी झुरला, आणि मांडणार या असल्या घाणेरड्या? तिनं बादलीत कपड्यांची पावडर घातली, ज्या पावडरीनं हा ब्लाऊज धुते तीच, फेस काढला, साही नोटा रात्रभर नाही, पण चांगल्या तासभर भिजवल्या. निथळल्या, सावलीत वाळवल्या, वर फडकं टाकून इस्त्री फिरवली. लुबिंदा घरी आला तेव्हा त्याच्यासमोर ओळीनं मांडल्या. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "नासी, आता यांना अगदी आपल्या घराचा वास येतो." एवढंच. पुढे दोन दिवसांनी त्यानं मंडळाला चिठ्ठी पाठवली की संच मांडणार नाही. हिनं विचारलं तर म्हणाला, "दम लागतो गं, तिथे उभं राहवणार नाही." आणि हिनं विश्वास ठेवला.

बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला नोट धुतल्यावर काय होतं हे ठाऊक नसेल? त्याला त्याच क्षणी ठाऊक होतं. मरेपर्यंत बोलला नाही.

"रंगाचा डबा," हाचीपुका पुन्हा म्हणाले.

"थांब, हाचीपुका." 'बा' गळून पडलं होतं, वर्गातल्या सगळ्यांनी ते ऐकलं. "या नोटा धुतल्यात. कपड्यांच्या पावडरनं. इस्त्रीही केलीय, म्हणून सपाट लागतात."

"वा! आता धोबीघाटाची गोष्ट." ते हसले. "धुतलेली नोट चमकते, मान्य. पण लुबिंदा धुवेल? नोटेला थुंकी लावून मोजणाऱ्याला तो रागवायचा. एवढ्यानं शेंबडं पोरगंही फसणार नाही, बाई."

"त्यानं नाही. मी धुतल्या."

कपासाचं पेन वहीवर थांबलं.

"मी, नासिलेलेनं. मला अक्कल नव्हती. त्यानं मला सांगितलंही नाही की मी त्याची अकरा वर्षं बादलीत बुडवली म्हणून. लिही कपासा, माझं नाव लिही. पण तू मला एक सांग, हाचीपुका. धुतलेली नोट चमकते हे तुला माहीत होतं, आत्ता तूच बोललास. मग अंगठा फिरवलास, दिवा लावलास, तेव्हा 'धुतली असेल' हे तोंडातून एकदाही का नाही आलं? 'खोटी' बरं चटकन आलं!"

"मोठ्या बोलण्यानं पुरावा होत नाही."

"पुरावा हवाय? दे तुझी नोट. ती मघाची, काळी राहिलेली."

"माझी नोट मी बादलीत घालायला देत नाही."

"का? दुसऱ्याच्या नवऱ्याचं नाव रंगात बुडवायला निघाला होतास, आणि स्वतःची एक नोट पाण्यात घालताना हात आखडतो?"

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "द्या हो अध्यक्ष." मग दुसरा म्हणाला. हाचीपुकांनी नोट टेबलावर टाकली, देतो तशी नाही, कुत्र्याला तुकडा टाकतो तशी.

कपासा शाळेच्या मावशींकडून टमरेल आणि मूठभर पावडर घेऊन आला. नासिलेलेनं नोटेचं अर्धं अंग फेसात बुडवलं, अर्धं बोटांच्या चिमटीत कोरडं धरलं. "किती वेळ?" कपासानं विचारलं.

"एका भजनाचा," ती म्हणाली, आणि गायला लागली. महिला मंडळात मयतीच्या वेळी म्हणतात ते, संथ, खालच्या पट्टीतलं, दर ओळीला उत्तर मागणारं. उत्तर द्यायला तिथे कुणी बाई नव्हती. पहिल्या ओळीनंतर ती थांबायची तिथे थांबली, आणि उत्तर आलं नाही. दुसऱ्या ओळीनंतर कपासानं दिलं, खाकरत, सूर चुकवत. तिसऱ्यानंतर आणखी दोघांनी. हाचीपुका दिवा हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभे होते. सगळी कडवी झाली. तिनं एकही गाळलं नाही.

मग तिनं नोट निथळली, स्वच्छ पाण्यात बुडवली आणि टेबलावर पसरली. "धर दिवा."

नोट मधोमध दुभंगली होती. अर्धी काळी, काजव्यांसकट. अर्धी तिच्या बाहीसारखी पेटलेली.

बाक करकरले. सगळे पुढे येऊन वाकून बघत होते. कपासानं पडदे उघडले.

"म्हणजे धुतलेल्या," हाचीपुका म्हणाले. त्यांचा आवाज नरम पडला नव्हता. "खोट्या नाहीत. पण कचरा झालाय त्यांचा, हे ऐकून घ्या. कुठलाही जाणकार हात लावणार नाही. तुमच्या हातांनी केलात."

"कचरा म्हण. माझ्या हातांनी केला, तेही म्हण, ते मला जन्मभर पुरेल. पण खोट्या म्हणायचं नाही. आता तूच लिही, कपासाला सांगू नकोस. तुझ्या अक्षरात हवं मला."

त्यांनी वही ओढली. लिहिलं: संच खरा. धुतलेला. नाव कायम. सही केली, आणि पेन असं मिटलं की मोडेल. "आपण थट्टेचे भाऊबंद," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "रीतीप्रमाणे राग धरायचा नसतो."

"रीत मयतीपर्यंत होती," नासिलेले म्हणाली. "शिक्का तू मारलास. मी मेल्यावर माझ्या दारात थट्टा करायला येऊ नकोस. मुलांना तसं सांगून ठेवणार आहे."

तिनं सहा नोटा पाकिटात घातल्या आणि निघाली. दारात कपासा काहीतरी बोलायला आला, तिनं हातानंच थांबवलं. तिला रडू येत होतं आणि ते या माणसांसमोर यायला नको होतं. बाहेर उन्हात मिनीबसचा कंडक्टर ओरडत होता. ती बसमध्ये चढली, खिडकीशी बसली, मग चिटेंगे तोंडावर ओढलं.

हाचीपुकांना तिनं पुढे कधीही माफ केलं नाही, आणि त्यांनी माफी मागितलीही नाही. फळीवर अकरा नावं आहेत.

मंडळी, नासिलेलेला कुणी सांगायची गरज नाही, तिला रोज आठवतं. तुम्ही मात्र एवढं करा. कधी हातात मळकी, वास मारणारी नोट आली, तर आकडे वाचा न वाचा, लुबिंदा अकापेल्वाची एकदा आठवण काढा.