आवडाबाईच्या चित्राला हार

चर्चच्या दारात कमलेशशेठ उभा होता. खरा नव्हे, पुठ्ठ्याचा. पुरुषभर उंच, हात जोडलेले, सगळे दात बाहेर. पोटावर छापलं होतं, ‘कलेचे खंबीर आधारस्तंभ’. माझं नाव त्याच्या बुटांपाशी होतं.

प्रदर्शन माझं होतं. कोपरला राहून शाळेत चित्रकला शिकवण्यात माझा जन्म गेला; एकटीच्या चित्रांचं हे पहिलंच. बाळकुमच्या पुढे, खाडीच्या अंगाला, हे जुनं दगडी चर्च आहे. आता चहूबाजूंनी टॉवर. मिठागरं चालू होती तेव्हा मीठ ओढणाऱ्या बायका दुपारी याच्या पडवीत भाकर खायच्या. कोण कुठल्या देवाची, हे कोणी विचारत नसे. चित्रं त्याच बायकांची, म्हणून मला हीच भिंत हवी होती. फादर आनंद लगेच हो म्हणाले. फक्त खुर्च्या आणि दिवे नव्हते. ते त्यांनी गावातल्या मंडळाकडे मागितले, आणि खुर्च्यांबरोबर मंडळाचा अध्यक्ष कमलेशशेठ आला.

मधलं मोठं चित्र आवडाबाईचं. ऐंशी ओलांडलेली, मिठाने भेगाळलेल्या पायांची, काटक म्हातारी. टॉवरच्या मागच्या जुन्या घरात राहते. ती माझ्यासमोर बसायला तयार झाली ती एकाच अटीवर. “आमच्यान मानसाचा फोटू मोटा होतो तो मेल्यावर,” ती म्हणाली होती. “भितीवर टांगतान, हार घालतान. मेलेल्याला काय दिसतं? माजा जितेपनी मोटा कर. मना बगाचाय.” मी तिला शब्द दिला. पुरं झालेलं चित्र मी मुद्दामच दाखवलं नव्हतं. चर्चमध्ये, सगळ्यांच्या देखत बघ म्हटलं होतं.

कमलेशशेठने आल्या आल्या चित्राकडे बघून नाक मुरडलं.

“मॅडम, एवढी काळी काय काढलीय? आणि गळा बोडका. आमच्यातल्या बायका अशा भिकारी नसतात. जरा सोनं घाला ना.”

“तिच्या गळ्यात नव्हतं, म्हणून चित्रात नाही.”

“पेंटच तर आहे, मॅडम. तुमचं काय जातंय?”

गळ्यात बोटभर जाडीची साखळी घालून हा मला विचारत होता. आवडाबाई याच्याच भावकीतली. आजोबा याचेही मिठागरातच राबले. जमिनी टॉवरवाल्यांना देऊन हा शेठ झाला आणि तिचं तोंडही विसरला. अशा माणसाच्या खुर्च्यांवर माझे पाहुणे बसणार, या विचारानेच मला शिसारी आली. पण पाहुणे यायला लागले होते आणि फादर बिचारे सगळ्यांना पाणी विचारत होते.

तेवढ्यात मंडळाचा मितेश माईकवर सुरू झाला. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, सत्कार. फादर हळूच म्हणाले, “समई पडवीत लावा, आत नको.” समई पडवीत गेली. मग प्रतिमेची शोधाशोध सुरू झाली. मितेश धावत माझ्याकडे आला.

“मॅडम, टेन्शन नका घेऊ. देवीचा फोटो गाडीत टाकायला विसरलेलो, पण जुगाड झालाय.”

काय जुगाड, हे विचारेपर्यंत दोघांनी मधलं चित्र भिंतीवरून उतरवून पडवीतल्या टेबलावर ठेवलंसुद्धा. मी लोकांना ढकलत बाहेर पोचले, तोवर कमलेशशेठने कुंकवात अंगठा बुडवून तो कॅनव्हासवर, आवडाबाईच्या कपाळावर, चांगला दाबला होता. मग झेंडूचा हार. फोटोवाला म्हणाला, “शेठ, जरा इकडे.” शेठने डोळे मिटून हात जोडले. मितेश माईकवर ओरडला, “मिठागराच्या या माऊलीला आपण सगळे आदरांजली वाहू या!”

लोक उभे राहिले. दोन मिनिटं शांत!

आणि पडवीच्या पायरीवर खुद्द आवडाबाई उभी होती. नातीच्या हाताला धरून, इस्त्रीचं लुगडं नेसून, स्वतःला बघायला आलेली. स्वतःच्या कपाळावरचं कुंकू आणि गळ्यातला हार तिने बघितला. माझ्याकडेही बघितलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ती टेबलापाशी गेली. हार काढला. मितेश पुढे झाला, “अगं आजी, हात नको लावू, पूजा चालूय.”

“कोनाची रं पूजा? मी जिती हाव.”

हार घेऊन ती दाराकडे वळली. पुठ्ठ्याच्या कमलेशशेठसमोर थांबली, टाचा उंचावल्या आणि हार त्याच्या गळ्यात घातला. नीट सारखा केला. हात जोडले, डोळे मिटले.

कोणी हसलं नाही. खरा कमलेशशेठ पांढराफटक पडला.

“ए मितेश! काढ ते! काढ पहिलं!”

मितेश दोन पावलं मागे सरला. मंडळाची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मेल्या माणसाचा हार उतरवायला कोण हात लावणार? शेवटी शेठच गेला. त्याने स्वतःच्याच गळ्यातून हार ओढला. फुलं तुटून बुटांपाशी, माझ्या नावावर पडली.

“काय झायलं रं?” आवडाबाईने विचारलं. “मना घातलास तवा मना नाय काय झायलं.”

शेठ गाडीत बसून गेला. मंडळाची पोरं खुर्च्या उचलून घेऊन गेली.

फादरनी आणि मी चित्र आत नेऊन परत भिंतीला लावलं. मी बोळ्याने कुंकू पुसायला गेले तर थोडा रंगही निघाला. कपाळावर बोटभर कॅनव्हास उघडा पडला. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, “आवडाबाई, घरी नेऊन नीट करते, मग दाखवते.”

“नको,” ती म्हणाली आणि चित्रासमोर खाली फरशीवरच बसली. “तवर मी नसले तर? सर बाजूला. मना बगू दे.”