तळ लिंपलेला झरा

मी एक जुना ऊन पाण्याचा झरा आहे, आणि मित्रांनो, मी तुमच्या गावावर अजून रागावलेलो आहे. गोड बोलणं माझ्याच्यानं होणार नाही.

वाशी गावाकडून उताराला लागलात की काळ्या खडकात माझं कुंड दिसेल. पावसाचं पाणी फार खोल मुरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि माझ्या तळाच्या फटीतून वर येतं. माझ्या वाट्याची आग मी तिथंच घेतो. कुणीतरी मला सात पायऱ्या बांधल्या. मग त्या पायऱ्यांवर कुणी उतरायचं, हेही गावानंच ठरवलं. मला कुणी विचारलं नाही.

बौद्ध वस्तीतल्या बायका खालच्या चरावर थांबत. कुंडातून सांडलेलं पाणी तेवढं त्यांचं. सिताबाई तिथंच आपल्या जाईला न्हाऊ घाली. आधी पाण्यात कोपर बुडवून बघे, मगच लेकराला पाणी लावी.

बहात्तरच्या दुष्काळात माझी धार बारीक झाली. पाणी सोसायटीचे चेअरमन आण्णासाहेब काठावर येऊन म्हणाले, "तळ गळतोय. हौदाला करतो तसा गिलावा करून टाका." शिवप्पा गवंड्यानं इंजिन लावून मला उपसलं, फटीत चिंध्या कोंबल्या आणि वरून सिमेंट थापलं. पाणी राखायला निघालेल्या माणसांनी पाण्याचं तोंडच बुजवलं.

आठ दिवसांत चरात साचलेलं उरलंसुरलं पाणीही आटलं. थंडी सुरू झाली होती. जळण संपलं होतं, चुलीवर भाकरीपुरतीच काटकी. जाईच्या मानेत, काखेत खरूज उठली. डॉक्टर म्हणाले, रोज कोमट पाण्यानं धुवा, मग मलम लावा. मलम होतं, ऊन पाणी नव्हतं. पोर रडतसुद्धा नव्हती, नुसती कण्हायची. सिताबाई तिचे हात धरून बसायची, खाजवू नये म्हणून. हे मी विसरलेलो नाही.

सिताबाई काठावरून म्हणाली, "आण्णासाहेब, पाणी खालून येतंय. तळच लिंपलाव तुम्ही."

"आता तू इंजिनेर झालीस व्हय?" आण्णासाहेब हसले. "शिवप्पा, हिला थापी दे रे."

"थापी नको," ती म्हणाली. "पहार द्या."

दिली नाही.

पण मी गप्प बसणारा नव्हे. मी बाजूच्या दगडांत शिरलो, शेवटची पायरी उचकटली. एका सकाळी कुंडामागच्या भेगेतून वाफ निघाली. "कुणीतरी शेकोटी केली असंल," आण्णासाहेब म्हणाले. सिताबाईनं भेगेवर तळहात ठेवला. मग कुणाला न विचारता ती कोरड्या कुंडात उतरली, सातही पायऱ्या, आयुष्यात पहिल्यांदा. शिवप्पा वर उभा होता. त्याची मान खाली गेली. त्यानं पहार तिच्या हाती दिली आणि घण घेऊन स्वतःही उतरला.

दुपारपर्यंत सिमेंट फुटलं. मी वर आलो तो चिंध्यांसकट, गढूळ, रागानं. निवळायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सिताबाईनं कोपर बुडवलं आणि जाईला आत घेतलं. तिला परत वर जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. महिन्याभरात पोरीची कातडी साफ झाली.

पुढं एक्क्याऐंशी साली सोसायटीनं माझ्या पायऱ्या नीट बसवल्या आणि फरशी लावली : जीर्णोद्धार, आण्णासाहेबांच्या हस्ते. त्या फरशीवर सिताबाईचं नाव नाही, शिवप्पाचंही नाही.

तेव्हा मित्रांनो, मला फुलं वाहू नका, साबणाचे कागद टाकू नका. कुठल्याही पाण्याला हात लावण्याआधी ते कुठून येतं हे विचारा, आणि जी रोज ते पाणी भरते तिला विचारा. नाही विचारलंत, तर मी पुन्हा दुसरीकडून फुटेन. त्या वेळी भेगेवर हात ठेवायला सिताबाई असेलच असं नाही.