दोघींची एकच साक्ष

खोटं बोलायचंच असेल तर माणसाने स्वतःचं बोलावं. दुसऱ्याने बेतून दिलेलं खोटं कुठे ना कुठे काखेत आवळतंच. हे मी आमच्या वकिलांना तोंडावर सांगितलं होतं. ते हसले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही पडदे सांभाळा, कायदा मी सांभाळतो."

पडद्यांचं दुकान आमचं, चौकाच्या अगदी तोंडाशी. मी कापड कापते, सासूबाई शिवतात आणि माझे धाकटे दीर शिडीवर चढून लोकांच्या घरी पडदे टांगून देतात. म्हणजे द्यायचे. त्या दिवशी भावोजी समोरच्या दुकानातून पडद्याचा दांडा घेऊन पांढऱ्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडत होते. आम्ही दोघी दुकानाच्या काचेतून त्यांच्याकडेच बघत होतो, कारण तो दांडा लांबीला पुरणार की नाही यावरून आमची जुंपली होती. तेवढ्यात गाडी आली आणि आमच्या डोळ्यांदेखत भावोजींना पाडून त्यांच्या पायावर चढली.

भावोजींना त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. डोकं आपटलं होतं त्यांचं. विमा कंपनीने मात्र सगळं आठवल्यासारखं लिहून पाठवलं, की हा माणूस अचानक धावत गाडीपुढे आला, सबब भरपाई मिळणार नाही. पायाचं आणखी एक ऑपरेशन बाकी होतं, म्हणून आम्ही कोर्टात गेलो.

पण माझ्या जिवाला घोर लागला होता तो वेगळाच. भावोजींना ते पटायला लागलं होतं. "वहिनी, मला घाईची सवयच आहे," असं ते पायाखालची उशी सरकवत म्हणायचे. "मीच धावलो असेन. त्या बिचाऱ्याला कशाला कोर्टात ओढायचं?"

त्या बिचाऱ्याला! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. "भावोजी, मी पाहिलंय. तुम्ही चालत होतात."

"तू घरचीच. माझ्याच बाजूने बोलणार."

शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून शीळ घालणारा हा माणूस. आता पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं तरी कुबड्या टेकून आधी उंबऱ्याशी थांबायचा आणि दोन्हीकडे बघायचा. सासूबाई ते बघायच्या आणि मशीन उगाच जोरात चालवायच्या.

आमच्या वकिलांना मी मनातल्या मनात कानमंत्र म्हणायचे, कारण ते साधं "बसा" सुद्धा कानाशी येऊन म्हणत. तारखेआधी ते दुकानात आले, कापडाच्या गठ्ठ्यावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही दोघी घरच्या. एक आई, एक वहिनी. समोरचा वकील तेवढंच धरून बसणार. त्यात तुमच्या दोघींच्या सांगण्यात फरक पडला, तर संपलंच. तेव्हा बोलणं एक हवं. अगदी एक."

इथेच घोडं अडलं. सासूबाई आणि मी एकच बोलणार?

"गाडीचा रंग?" त्यांनी विचारलं.

"मोरपंखी," मी म्हणाले.

"काहीतरीच! शेवाळी होती," सासूबाई म्हणाल्या. "तुला दुकानातल्या त्या निळ्या दिव्याखाली सगळंच मोरपंखी दिसतं. त्या सोफ्याच्या खोळीचं काय झालं, विसरलीस?"

"आई, खोळीचा विषय इथे नको."

"पोलिसांच्या कागदावर निळी आहे," कानमंत्र घाम पुसत म्हणाले. "दोघींनी निळी म्हणा."

रंगावर आम्ही कशाबशा नमलो. मग म्हणाले, वेग भरधाव सांगा. मी म्हटलं, गाडी भरधाव नव्हती हो, सावकाश येत होती. ते म्हणाले, "सावकाश येणारी गाडी आपल्या कामाची नाही." मग म्हणाले, चालकाचा चेहरा स्पष्ट पाहिला म्हणा. सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "चेहरा कुठे दिसला? मला तर..."

"आजी, चेहरा पाहिला नाही म्हणालात तर ते म्हणतील, तुम्ही काहीच पाहिलं नाही."

त्यांनी सासूबाईंचं वाक्य पुरं होऊच दिलं नाही आणि मीही गप्प बसले. भावोजींच्या पायापुढे माझी अक्कल गहाण पडली होती. रात्री जेवताना, सकाळी दुकान झाडताना, चुण्या घालताना आम्ही दोघी शाळेतल्या मुलींसारखं घोकत होतो: "सदर वाहन भरधाव वेगाने व निष्काळजीपणे आले आणि मी चालकाचा चेहरा स्पष्ट पाहिला." गाडीला आयुष्यभर डबडं म्हणणाऱ्या सासूबाई सदर वाहन म्हणायला लागल्या.

कोर्टाची खोली लहानशी होती. खिडकीवरचे पडदे आखूड आणि एका बाजूने ओघळलेले. न्यायाधीशबाई टेबलामागे, बाजूला टाइप करणारा कारकून. गाडीचा चालक अगदी मागच्या बाकावर भिंतीला पाठ लावून बसला होता. भावोजी पहिल्या बाकावर, पाय लांब करून. साक्षीदाराने दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते, म्हणून सासूबाईंना बाहेर बसवलं आणि मला आधी बोलावलं.

मी पाठ केलेलं वाक्य घडाघडा म्हटलं. विमा कंपनीचा वकील उठला. त्याच्या बोलण्यात इतकी साखर, की त्याचं नाव मी तिथेच मधाळ ठेवून टाकलं.

"ताई, भरधाव म्हणजे साधारण किती?"

"म्हणजे... जोरात."

"बरं बरं. चौकातल्या कॅमेऱ्यावरून वेग काढलाय. त्या तज्ज्ञांचा कागद बघा. चालकाच्या बाजूचं आणि पट्ट्यांवरचं चित्र नाही त्यात, झाडाआड आलंय. पण वेग कळतो. सायकलएवढा होता." त्याने कागद न्यायाधीशबाईंपुढे ठेवला. "आणि रस्त्यावर ब्रेकची खूणही नाही. का? तर ब्रेक लावायला चालकाला वेळच मिळाला नाही. माणूस धावतच समोर आला. तुम्ही जाऊन बसा ताई, दमला असाल."

मी बसले. कान गरम झाले होते. मग सासूबाई आल्या, पदर सावरून उभ्या राहिल्या आणि शपथ घेतल्याबरोबर कोणी विचारायच्या आत म्हणाल्या, "सदर वाहन भरधाव वेगाने व निष्काळजीपणे आले आणि मी चालकाचा चेहरा स्पष्ट पाहिला."

कारकुनाने टाइप करायचं थांबवून वर पाहिलं. मधाळ तर नुसता खुलला. "शब्दाला शब्द! बाई, मी आणखी काही विचारतच नाही. या दोघींनी अपघात पाहिला नाही, पाठांतर केलंय. एक आई, एक वहिनी. माया समजू शकतो आपण. पण मायेला डोळे नसतात."

"आई आहे म्हणून माझे डोळे फुटले का?" सासूबाई कडाडल्या.

न्यायाधीशबाईंनी हात वर केला. कानमंत्र नुसतेच कागद चाळत होते. आणि मला दिसले भावोजी. ते मान हलवत होते. रागाने नाही. अगदी पटल्यासारखं, मधाळचं बरोबरच आहे असं मान्य केल्यासारखं. मग त्यांनी कुबड्या जवळ ओढल्या आणि म्हणाले, "बाई, मला बोलायचंय. मला वाटतं, चूक माझीच..."

"तुम्ही बसा!" मी ओरडले. मी कधी उभी राहिले ते मला कळलंच नाही. "भावोजी, एक शब्द बोलायचा नाही! बाई, मला परत विचारा. आम्हाला शिकवलं होतं. ते वाक्य आमचं नाही. वेग खोटा, चेहरा खोटा, निळा रंगसुद्धा खोटा."

कानमंत्र माझा पदर ओढायला लागले. मी तो हिसकून घेतला.

"शपथेवर खोटं बोललात हे कबूल करताय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. "परिणाम माहीत आहेत?"

"जे व्हायचं ते होऊ दे. शिक्षा द्या, मी भोगीन. पण आम्ही जे पाहिलं ते या खोलीत कोणी अजून विचारलेलंच नाही. यांनी नाही, त्यांनी नाही. आता विचारा, आणि आम्हाला वेगवेगळं विचारा. आमचं दोघींचं जुळणार नाही, आधीच सांगते. आमचं कधीच जुळत नाही."

न्यायाधीशबाईंनी कारकुनाला नवीन पान घ्यायला सांगितलं. मग त्यांनी सासूबाईंना बाहेर पाठवलं आणि मला पुन्हा उभं केलं.

मी सांगितलं. गाडी मोरपंखी होती. सावकाश आली, अगदी सावकाश, म्हणून तर मला वाटलं की थांबेल. भावोजी चालत होते. हातात माणसापेक्षा लांब दांडा घेऊन धावेल कोण? ब्रेक लागला नाही हेही खरं.

"चालकाचा चेहरा?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"नाही दिसला."

मधाळ हसला. "गाडी तुमच्याच दिशेने येत होती. समोरून काच. तरी चेहरा दिसला नाही?"

"नाही. डोक्याची मागची बाजू दिसली. पुरा मागे वळून बसला होता तो, मागच्या सीटवर वाकून. केसांत एक टक्कल दिसलं, नाण्याएवढं. डाव्या कानाच्या वर."

खोलीत चुळबुळ झाली. मधाळचं हसू तसंच राहिलं, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही. मला बसवून न्यायाधीशबाईंनी सासूबाईंना आत घेतलं.

सासूबाईंनी आधी मधाळकडे आणि मग आमच्या वकिलांकडे असं बघितलं, की दोघांनीही खुर्च्या सरकवल्या. "गाडी शेवाळी होती," त्या म्हणाल्या. "सूनबाई मोरपंखी म्हणाली असेल. तिला रंगातलं कळत नाही."

"वेग?"

"वेग कसला? डबडं रांगत होतं. माझा मुलगा पट्ट्यांच्या मधोमध होता. त्याने थांबून हातसुद्धा केला, अरे बघ म्हणून. पण बघायला त्या माणसाचं तोंड पुढे होतं कुठे? मागे काय सांडलं होतं देव जाणे. मला त्याचं नुसतं डोकं दिसत होतं, पाठीमागून. इथे," त्यांनी स्वतःच्या उजव्या कानावर बोट ठेवलं, "केस गेलेत त्याचे. एवढं गोल."

मी तो हात पाहिला नव्हता. तेव्हा मी दांड्याकडे बघत असणार.

मधाळ ताडकन उठला. "बाई, बघा! सून म्हणते डावीकडे, सासू म्हणते उजवीकडे. एकीला हात दिसला, दुसरीला नाही. रंगही वेगळा. आधी सगळं एक होतं तर पाठांतर, आता काहीच एक नाही. यांच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

न्यायाधीशबाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या मागच्या बाकाकडे बघत होत्या. मग आम्हीही वळलो.

चालकाचा हात डोक्यामागे गेला होता. भिंत आणि डोकं यांच्या मधे त्याने पंजा घातला होता आणि उजव्या कानाच्या वर घट्ट दाबून धरला होता. सगळे आपल्याकडे बघताहेत हे लक्षात आल्यावर त्याने तो खाली घेतला, पण उशीर झाला होता.

"मागे काय होतं?" न्यायाधीशबाईंनी शांतपणे विचारलं.

"उत्तर देऊ नका," मधाळ म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात साखर नव्हती.

त्या माणसाने आमच्या भावोजींच्या पायाकडे पाहिलं. "पिशवी," तो म्हणाला. "पिशवी कलंडली होती. क्षणभरच वळलो होतो."

कानमंत्र आनंदाने माझ्या कानाशी काहीतरी पुटपुटायला आले. मी म्हटलं, आता एक अक्षरही शिकवायचं नाही. सासूबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरल्या, माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि माझं मनगट इतकं जोरात धरलं की बांगड्या रुतल्या. "उजवीकडे," त्या म्हणाल्या. मला रडू फुटलं आणि हसूही.

न्यायाधीशबाई भावोजींकडे वळल्या. "मघाशी तुम्हाला काही सांगायचं होतं. चूक कोणाची याबद्दल."

भावोजींनी कुबड्या घेतल्या नाहीत. बाकाची कड धरून, दात आवळून, ते एका पायावर उभे राहिले. मी आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला केला.

"मला अजून काही आठवत नाही," ते म्हणाले. "पण मी चालत होतो. लिहून घ्या."