शंभर प्रती, टाक्यांसकट

शिलाई करणारी बाई मंगळवारी सकाळी वारली आणि तिच्या सीडीच्या शंभर प्रती काही निघाल्या नाहीत.

बरं. आता हे झालंच नाही असं धरून चालू. नाहीतरी बुधवारी दुकानात आलेला तिचा सुतार नवरा तसंच धरून चालला होता, आणि काउंटरमागच्या पुतणीनंही त्याला साथ दिली. दोघंही तसे सरळ. खोटं बोलायचं तर आधी घसा खाकरून घेणारे.

दुकान पुतणीच्या काकाचं. दोन खोल्या आणि एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून बसलेली. पाटीवर लिहिलेलं होतं, 'स्वतंत्र कलाकारांसाठी स्वस्तात सीडी. कमीत कमी शंभर.' ज्यांना कुठलीही कंपनी दारात उभं करत नाही, त्यांना काका स्वतंत्र म्हणायचा. आत खणाखणांचं एक उभं यंत्र होतं. वरच्या खणात मूळ सीडी घातली की खाली एका दमात दहा प्रती निघायच्या. सातवा खण बिघडलेला होता, तेव्हा निघायच्या नऊच, पण काका दहा म्हणायचा. यंत्र चालवणं, सीडीवर छापणं, पाकिटात भरणं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला 'आवाज छान आहे हं तुमचा' असं सांगणं ही पुतणीची कामं. काकाकडे फक्त नियम होते.

पहिला नियम सहीचा. एकदा एका गिटारवाल्याच्या शंभर सीड्यांवर चुकून दातांच्या डॉक्टरचं हिरड्यांवरचं व्याख्यान गेलं. गिटारवाल्यानं कार्यक्रमात त्यातल्या चाळीस खपवल्या. तक्रार एकच आली, तीही तिसरं गाणं जरा लांबल्याची. पण काकानं धसका घेतला आणि फॉर्मवर चौकट टाकली : नमुना ऐकला, मंजूर आहे, कलाकाराची सही. सही नाही तर एकही प्रत नाही. नवऱ्याची चालणार नाही, बापाची चालणार नाही.

दुसरा नियम : काम झालं की जुनं पुसायचं. जागा अडते.

तीन आठवड्यांपूर्वी सुतार रुमालात गुंडाळलेली एक सीडी घेऊन आला. शेजाऱ्याचं रेकॉर्डर मागून आणून त्यानं घरीच बायकोची सात गाणी भरून घेतली होती. बायको दवाखान्यांच्या चादरी शिवायची आणि शिवता शिवता गाणी रचायची. आता ती स्वतःच दवाखान्यात होती. पहिल्याच दिवशी अंगाखालच्या चादरीची दुमड चाचपून ती नर्सला म्हणाली होती, "ही माझी नव्हे. टाके बघा किती लांब आहेत. झोपायचं तरी कसं माणसानं?"

डॉक्टरांनी दिवस मोजायला सांगितलं होतं. तिला एकच पाहिजे होतं. सीडी हातात धरायची, एकदा सगळी ऐकायची, आणि मग शिवणखान्यातल्या बायकांना एकेक द्यायची.

पुतणीनं सीडी लावली. आवाज खरंच छान होता, म्हणजे ते नेहमीचं वाक्य तिला पहिल्यांदाच मनापासून म्हणता आलं असतं. फक्त प्रत्येक गाण्याच्या मागं शिलाई मशीन चाललेलं. टक-टुक, टक-टुक. पुतणीला वाईट वाटलं. एवढी गोड बाई आणि घरात ही कटकट! कुणी सांगितलेलं नसताना ती दोन दिवस कॉम्प्युटरसमोर बसली आणि टाकान् टाका वेचून काढला. गळा असा स्वच्छ झाला, जसं ताट घासल्यावर. मग नियमाप्रमाणे तिनं जुनं पुसलं. मूळ सीडीही पुसून पुन्हा वापरायच्या जातीची होती. त्यावर दुसऱ्या दिवशी एका बासरीवाल्याचा नमुना गेला.

सुतार पहिला नमुना घेऊन दवाखान्यात गेला, तेव्हा पुतणीही हौसेनं बरोबर गेली. बाईनं हेडफोन कानाला लावून सातही गाणी ऐकली.

"गळा बरा आहे," ती म्हणाली. "माझं मशीन कुठंय?"

"ते काढलं, वहिनी. मध्ये मध्ये येत होतं."

"मध्ये कसं येईल? ते तर आधीपासून होतं. मीच मध्ये आले." तिनं फॉर्म परत केला. "टाक्यांसकट करा. मग सही."

पुतणीनं खालच्या मजल्यावर येईपर्यंत दम धरला आणि मग जिन्यात सुताराला सगळं सांगितलं : टाक्यांसकटचं मूळ पुसलं गेलंय, आता कुठंच नाही. त्यानं कठड्याच्या लाकडावरून हात फिरवला. "सांधा चुकलाय," एवढंच म्हणाला. कठड्याबद्दल म्हणाला असावा.

काकानं कपाळाला हात लावला. "अगं, सफाई करायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"पुसायला तुम्ही सांगितलं होतं."

"ते बरोबरच होतं. जागा अडते."

तेव्हा टाके नव्यानं भरून घ्यायला पुतणी रेकॉर्डर घेऊन सुताराच्या घरी गेली. शिलाई मशीनचं टेबल त्यानंच लग्नाच्या वर्षी बनवलेलं. एक पाय आखूड होता. तोच तो टुक. एकोणीस वर्षं तो म्हणत होता, उद्या नीट करतो.

"बरं झालं आळशी आहात ते," पुतणी म्हणाली.

"ती पण हेच म्हणते. फक्त ओरडून."

त्यानं कानाला हेडफोन लावला, त्यात बायकोचा घासूनपुसून स्वच्छ केलेला गळा, आणि पाय पायडलवर. रंध्याला सरावलेला माणूस. पाय जड पडायचा. गाणं पुढं जायचं आणि मशीन मागून पळत यायचं. पहिल्या दिवशी एक ओळ जमली. सुई रिकामीच चालवली तर आवाज पोकळ येतो म्हणून त्यानं एक चादर खाली घातली, आणि रोज तीच चादर पुन्हा पुन्हा शिवली. सहाव्या दिवशी ती चादर भिंतीला टेकवली की आपली आपण उभी राहायची. सुतारानं तिला खुंटीशेजारी उभं केलं. घरात माणूस असल्यासारखं वाटतं म्हणाला.

नवव्या दिवशी, सोमवारी, सातव्या गाण्यात एका जागी त्यानं पाय उचलला आणि क्षणभर थांबला.

"का थांबलात?"

"इथं ती कापड वळवते."

बरोबर तिथंच, हेडफोनमध्ये, बाईनं श्वास घेतला. मग पाय आणि गळा एकदम निघाले, आणि शेवटपर्यंत कोणी कोणाच्या मागं राहिलं नाही.

त्याच दुपारी नमुना तयार झाला. सुतार म्हणाला, "द्या, असाच नेतो." पुतणी म्हणाली, "असा कोरा कसा नेणार, मिस्त्री? त्यांना हातात धरायचाय ना. नाव छापते. शाई वाळायला एक दिवस जाईल, बुधवारी न्या." तिला तो छान दिसायला हवा होता. 'बुधवारी न्या' हे वाक्य तिनं नंतर फार वेळा, फार ठिकाणी, मनातल्या मनात गिळायचा प्रयत्न केला. ते उतरलं नाही.

बुधवारी सुतार आला. हातात दवाखान्याची प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात चष्मा, कंगवा आणि बाईच्या चपला. माणसाच्या चपला दवाखान्यातून पिशवीत बसून घरी निघाल्या, की विचारण्यासारखं काही उरत नाही.

पुतणीनं घसा खाकरला. "कशा आहेत वहिनी?"

सुतारानंही खाकरला. "बरी आहे. शांत आहे आज."

"दुखतंय का?"

"नाही. आता अजिबात नाही."

त्यांनी नमुना लावला. पूर्ण छत्तीस मिनिटं दोघं उभे होते. टक-टुक, टक-टुक. सातव्या गाण्यात कापड वळलं. सुतारानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आवडेल तिला," तो म्हणाला.

"आता मशीन कुठंय विचारणार नाहीत."

"विचारेल. दुसरं काहीतरी विचारेल. स्वभाव आहे."

आतून काकाचा आवाज आला, "सही झाली का? यंत्र मोकळं आहे!"

पुतणी पुढं झुकली. "मिस्त्री, मी करू सही? फॉर्मच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतः नाव लिहिलंय, बघून बघून जमेल. कुणाला कळणार नाही."

"नको, ताई. न ऐकता सही करायची नाही ती. पगाराचा कागदसुद्धा दोनदा वाचून परत द्यायची. तिची सही म्हणजे तिचीच पाहिजे."

"काका," पुतणीनं हाक मारली, "कलाकाराला यायला जमत नसेल तर?"

काका दारात आला. त्यानं पिशवी पाहिली नाही. त्याला फॉर्मशिवाय काही दिसत नसे. "का जमत नाही?"

"सोडत नाहीत," सुतार म्हणाला.

"कोण सोडत नाही? त्यांच्या नावे अर्ज करा. रीतसर अर्ज असला की माझी हरकत नाही. तोवर थांबू." आणि तो आत गेला.

पुतणीनं सुताराकडे पाहिलं. सुतारानं स्टूल ओढलं आणि बसला. "लिहा," तो म्हणाला. "तुमचं अक्षर चांगलं असेल."

तिनं काउंटरवरचा कागद घेतला, समास आखला, आणि तो सांगेल तसं, मध्ये मध्ये आपलं घालत, लिहिलं :

प्रति,
माननीय संबंधित अधिकारी यांस,

विषय : नमुना-मंजुरीसाठी कलाकारास तात्पुरते सोडण्याबाबत.

महोदय,

सदर कलाकार मंगळवार सकाळपासून आपल्या ताब्यात आहेत. त्यांच्या सीडीचा दुसरा नमुना टाक्यांसकट तयार असून शाई पूर्ण वाळलेली आहे. पहिल्या नमुन्यात झालेली चूक ही सर्वस्वी दुकानाची होती, कलाकाराची नव्हती, याची नोंद घ्यावी. नमुन्याचा कालावधी छत्तीस मिनिटे आहे. तरी सदर कलाकारास नमुना ऐकून सही करण्यापुरते, कामाच्या वेळेत, एक तास सोडण्यात यावे. पेन आम्ही देऊ. चपला आमच्याकडेच आहेत. नमुना पसंत न पडल्यास फेरबदल विनामूल्य करून दिले जातील, मात्र त्यासाठी त्यांना पुन्हा, आणि पसंत पडेपर्यंत वेळोवेळी, सोडण्यात यावे, ही नम्र विनंती.